निवटीच्या जीनोमवर काम करताना

मी प्राणिशास्त्रज्ञ आहे आणि ठाणे खाडीच्या चिखलात राहणाऱ्या निवटी या माशाच्या जीनोमचा, म्हणजे त्याच्या संपूर्ण डीएनएचा, अभ्यास करते. प्राण्यांची उत्क्रांती कशी झाली हा प्रश्न दीर्घकाळ हाडे, जीवाश्म आणि भ्रूण यांच्या आधाराने विचारला गेला. आता तो डीएनएच्या आधारानेही विचारता येतो. या क्षेत्रात येऊ इच्छिणारे विद्यार्थी भेटतात तेव्हा त्यांच्यापैकी बऱ्याच जणांची अशी समजूत दिसते की, ऊतीचा तुकडा यंत्रात घातला की जनुकांची यादी बाहेर पडते आणि त्यानंतर उरते ते फक्त संगणकावरचे काम, त्यामुळे प्राणिशास्त्रापेक्षा प्रोग्रामिंग शिकलेले बरे. माझा अनुभव वेगळा आहे. सिक्वेन्सिंगचे, म्हणजे डीएनएची अक्षरे क्रमाने वाचण्याचे, यंत्र प्रत्यक्षात थोडेच दिवस चालते. त्याच्या आधीची आणि नंतरची वर्षे संशोधकालाच काढावी लागतात, आणि त्या वर्षांत प्रत्येक महत्त्वाच्या वळणावर मला उपयोगी पडले ते प्राण्याविषयीचे ज्ञान. ते कसे, हे सांगण्यासाठी मी पदवीपासूनचा प्रवास येथे लिहिते आहे.

बी.एस्सी.ला प्राणिशास्त्र घेतले तेव्हा जीनोम हा विषय आमच्याकडे शेवटच्या सत्रातील एका प्रकरणापुरता होता. बाकी सारा भर वर्गीकरणावर आणि शरीररचनेवर असे. संघ, वर्ग, गण पाठ करायचे, काचपट्टीवरचा छेद सूक्ष्मदर्शकाखाली ओळखायचा, पेन्सिलीने आकृती काढून भागांना नावे द्यायची आणि सत्र संपताना जर्नल प्रमाणित करून घ्यायचे. या शिक्षणाला जुनाट म्हणण्याची आता पद्धत पडली आहे, पण मला ते मान्य नाही. एखाद्या अवयवाची आकृती हाताने काढताना डोळ्यांना जी शिस्त लागते, ती पुढे जनुकांच्या रचना तपासतानाही टिकते, असे मी स्वतःच्या कामात पाहिले आहे.

त्या काचपट्ट्यांत ॲम्फिऑक्ससचीही एक होती. जेमतेम पाच सेंटिमीटर लांबीचा, वाळूत स्वतःला पुरून घेणारा, कवटी आणि पाठीचा कणा नसलेला पण अंगभर पृष्ठरज्जू, म्हणजे पाठीतील लवचीक दांडा, असलेला हा प्राणी परीक्षेत हमखास विचारला जाई, म्हणून आम्ही तो पाठ केला होता. त्याचे खरे महत्त्व मला कळले ते एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षी, कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सर्वांसाठी खुले असलेले एक व्याख्यान ऐकल्यावर. ओबेद सिद्दीकी आणि वेरोनिका रॉड्रिग्ज यांनी याच संस्थेत फळमाशीच्या वास आणि चव ओळखण्याच्या क्षमतेचा जनुकीय अभ्यास केला होता, एवढेच मला तोपर्यंत ठाऊक होते. व्याख्यानाचा विषय होता हॉक्स जनुके. १९८४ च्या सुमारास फळमाशीच्या काही जनुकांत सुमारे १८० अक्षरांचा एक सारखा तुकडा आढळला होता, त्याला होमिओबॉक्स म्हणतात. हा तुकडा असलेली हॉक्स जनुके माशीच्या शरीराचा कोणता खंड डोक्याकडचा, कोणता छातीचा आणि कोणता पोटाचा हे ठरवतात. त्यांत विशिष्ट बिघाड झाला तर माशीच्या डोक्यावर स्पर्शिकेच्या जागी चक्क पाय उगवतो. याच कुळातील जनुके बेडकात, उंदरात आणि माणसातही सापडली, आणि गुणसूत्रावरील त्यांचा क्रम शरीरातील खंडांच्या क्रमाशी तेथेही जुळत होता.

माणसात या जनुकांचे चार समूह असून त्यांत मिळून ३९ जनुके आहेत. ॲम्फिऑक्ससमध्ये मात्र एकच समूह आहे, हे जॉर्डी गार्सिया-फर्नांदेझ आणि पीटर हॉलंड यांनी १९९४ मध्ये दाखवले. जनुकशास्त्रज्ञ सुसुमु ओहनो यांनी १९७० मध्ये असे मांडले होते की जनुकांच्या, किंबहुना संपूर्ण जीनोमच्या दुपटीकरणातून उत्क्रांतीला नवा कच्चा माल मिळतो. एक प्रत जुने काम सांभाळते आणि दुसरीला बदलायला मोकळीक मिळते. एकाचे चार समूह होण्यासाठी असे दुपटीकरण दोनदा व्हायला हवे, आणि २००८ मध्ये ॲम्फिऑक्ससचा संपूर्ण जीनोम प्रसिद्ध झाला तेव्हा पृष्ठवंशीयांच्या पूर्वजांत ते दोनदा झाल्याचा भक्कम पुरावा मिळाला. आजच्या बहुतांश अस्थिमत्स्यांच्या पूर्वजात ते आणखी एकदा झाले, म्हणून झेब्राफिशमध्ये हॉक्स जनुकांचे सात समूह दिसतात. आठवा काळाच्या ओघात नाहीसा झाला. ज्या प्राण्याची आकृती मी गुणांसाठी काढली होती, तो आपल्या स्वतःच्या जीनोमचा इतिहास सांगणारा साक्षीदार आहे, ही जाणीव त्या संध्याकाळी झाली आणि पुढे काय करायचे ते तेथेच ठरले.

मधल्या पायऱ्या थोडक्यात सांगते, कारण त्या सर्वांना सारख्याच चढाव्या लागतात. जीवशास्त्राची नेट परीक्षा, त्यातून मिळणारी जेआरएफ (संशोधनासाठीची कनिष्ठ शिष्यवृत्ती), विद्यापीठाची नोंदणी, कोर्सवर्क आणि संशोधनाचा आराखडा मांडण्याची बैठक. यांतील प्रत्येक टप्प्यावर कागदपत्रे लागतात आणि प्रत्येक कागदाला वेळ लागतो. मार्गदर्शक निवडताना मात्र घाई करू नये, असे मी आवर्जून सांगेन. माझ्या मॅडम मत्स्यशास्त्रातून आलेल्या होत्या आणि त्यांची अट एकच होती: पहिले वर्षभर सिक्वेन्सिंगचा विषय काढायचा नाही, प्राणी जिथे राहतो तिथे जाऊन तो पाहायचा. माझ्या बरोबरीचे संशोधक तोवर आकडेवारीवर काम करू लागले होते, त्यामुळे ही अट तेव्हा जाचक वाटली. पुढे जे काही नीट झाले ते त्या वर्षामुळे झाले.

निवटी निवडण्यामागे कारण होते. हा मासा ओहोटीच्या वेळी पाण्याबाहेर येतो, पुढच्या परांच्या आधाराने चिखलावर सरकतो, ओल्या त्वचेतून आणि तोंडाच्या आतील अस्तरातून हवेतील ऑक्सिजन घेतो. डोक्याच्या वर उचललेले त्याचे डोळे खाचेत ओढून घेत तो पापणीविना डोळे मिटतो, आणि हे मिटणे डोळा ओला, स्वच्छ आणि सुरक्षित ठेवण्यासाठीच असते, म्हणजे जमिनीवरचे प्राणी ज्या कारणांसाठी पापणी लववतात त्याच कारणांसाठी, हे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. पाण्यातून जमिनीवर येताना शरीरात काय काय बदलावे लागते, याचा हा जिवंत नमुना आपल्या दाराशी आहे. येथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, कारण वर्तमानपत्रांतून नेहमी उलट लिहिले जाते. निवटी ही आपली पूर्वज नाही आणि पूर्वजाच्या जवळचीही नाही. चतुष्पाद प्राणी मांसल पर असलेल्या माशांपासून ३५ कोटी वर्षांहूनही आधी निर्माण झाले. त्यांचे आजचे जवळचे नातेवाईक म्हणजे फुप्फुसमासे, ज्यांचा जीनोम तब्बल ४० अब्ज अक्षरांच्या घरात जातो, माणसाचा सुमारे ३ अब्ज असताना. निवटी किरणपरी, म्हणजे परांत काड्यांसारखे किरण असलेल्या, माशांच्या शाखेतील आहे. तिने जमिनीकडची वाट फार नंतर आणि स्वतंत्रपणे धरली, आणि म्हणूनच ती अभ्यासण्याजोगी आहे: तोच प्रश्न उत्क्रांतीने दुसऱ्यांदा कसा सोडवला हे तिच्यात पाहता येते.

निवटीच्या चार नातेवाईक जातींचे जीनोम २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले होते. त्या अभ्यासात जन्मजात प्रतिकारशक्तीच्या जनुकांची संख्या वाढलेली दिसली, कल्ल्यांतून अमोनिया बाहेर टाकण्याच्या यंत्रणेतील काही जनुकांवर नैसर्गिक निवडीचा ठसा आढळला आणि दृष्टीशी संबंधित काही जनुके बदललेली किंवा गमावलेली होती. त्या चार जातींत आपल्या खाडीतील निवटी, म्हणजे बोलिऑफ्थॅल्मस डुसुमिएरी ही जात, नव्हती. ही जात विज्ञानाला १८३७ पासून माहीत आहे, फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ व्हालांसिएन यांनी तिला नाव दिले, आणि मुंबईच्या कोळीवाड्यांत ती पिढ्यान्‌पिढ्या खाल्ली जाते. तिच्यावर काम इथल्या माणसाने करावे असे मला मनापासून वाटले.

खाडीवर जाण्याआधी परवानग्या घ्याव्या लागल्या. ठाणे खाडीचा मोठा भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला; कांदळवनांसाठी वन विभागाचा स्वतंत्र कक्ष आहे. मासा पृष्ठवंशीय असल्यामुळे संस्थेच्या प्राणी नीतिमत्ता समितीची मान्यता लागते. नमुना किंवा डीएनए देशाबाहेर पाठवायचा असेल तर २००२ च्या जैवविविधता कायद्यान्वये आणखी मंजुरी घ्यावी लागते. एका कार्यालयात आमचा अर्ज कित्येक महिने पडून राहिला आणि त्यात एक संपूर्ण हंगाम गेला. तरीही या परवानग्या अनावश्यक आहेत असे मी म्हणणार नाही. खाडीवर आधीच इतके भार आहेत की, तिथून काहीही उचलणाऱ्याने त्याचा हिशेब द्यायलाच हवा.

भांडुपच्या बाजूने खाडीत उतरायला मला खाडीकाठच्या कोळीवाड्यातील एका काकांनी शिकवले. त्यांच्याबरोबर जाण्यासाठी भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाहावे लागे आणि कित्येकदा पहाटेच घर सोडावे लागे. तिवरांच्या श्वसनमुळांमधून वाट काढताना पाय कुठे टाकायचा, चिखल कुठे धरतो आणि कुठे गिळतो, हे ते चालता चालता सांगत. निवटी केव्हा सापडते असे विचारल्यावर ते म्हणाले, “भरती लागली का निवटी बिलान शिरते, ताई. तवा नको शोधू.” ओहोटी पुरती लागली की चिखलाच्या सपाट भागावर निवट्या बाहेर येत आणि डोके डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे फिरवत चिखलाचा वरचा पातळ थर खरवडून खात. त्या थरात डायटम नावाची सूक्ष्म शैवाले असतात. ओल्या चिखलावर ऊन पडले की त्यांची सोनेरी तपकिरी साय स्पष्ट दिसते. मी हे वहीत टिपून ठेवले. ही नोंद दोन वर्षांनी संगणकासमोर बसले असताना उपयोगी पडणार आहे, याची तेव्हा कल्पना नव्हती.

प्राणी प्रयोगशाळेपर्यंत कसा न्यायचा हा पुढचा प्रश्न होता. जीनोमसाठी डीएनए लांब आणि अखंड हवा, आणि प्राणी मेल्यावर तो झपाट्याने तुटू लागतो. नेहमीचा उपाय म्हणजे जागेवरच ऊती काढून द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवणे, पण तो साठा घेऊन चिखलात उतरणे आम्हांला शक्य नव्हते. निवटीच्या स्वभावानेच मार्ग दाखवला. जो मासा ओल्या त्वचेतून श्वास घेतो, त्याला न्यायला पाण्याने भरलेली टाकी लागत नाही. ओला चिखल आणि वर भिजवलेले गोणपाट घातलेली झाकणाची बादली पुरते. ती बादली घेऊन मी भांडुपहून लोकलच्या मालडब्यातून सीएसएमटीकडे जाई. त्या डब्यात टोपल्या घेऊन चढलेल्या कोळणी झाकण उचलून पाहत आणि निवट्यांचे माप व ताजेपणा यांवर जाणकारीने बोलत. त्यांच्यातील एका मावशींनी पोटाच्या फुगवट्यावरून नर-मादी ओळखून दाखवली. तीही नोंद मी करून घेतली आणि पुढे ती तपासता बरोबर निघाली. करोनाच्या काळात लोकल सर्वांसाठी बंद झाली, प्रयोगशाळाही बंद राहिली, आणि त्या वर्षी नमुने घेणे पूर्णपणे थांबले.

डीएनए काढण्याची रीत पुस्तकात एका पानात मावते, हातात यायला मात्र फार वेळ लागतो. सुरुवातीला आम्ही स्नायूंपासून डीएनए काढला. निवटीच्या अंगावर भरपूर श्लेष्मा असतो; तो आणि त्यातील शर्करा डीएनएला चिकटून राहत आणि सिक्वेन्सिंग करणाऱ्या कंपनीकडून बहुतेक वेळा नमुना गुणवत्तेत बसत नसल्याचे कळवले जाई. मॅडमनी सुचवले की रक्त घेऊन पाहू. सस्तन प्राण्यांच्या तांबड्या पेशींत केंद्रक नसते, माशांच्या पेशींत असते. त्यामुळे माशाच्या थेंबभर रक्तातही पुष्कळ डीएनए मिळतो. भूल दिलेल्या निवटीच्या शेपटीकडील शिरेतून बारीक सुईने रक्त घेतले, प्रथिने विरघळवणाऱ्या विकराबरोबर ते रात्रभर कोमट ठेवले आणि नंतरची प्रत्येक कृती अत्यंत सावकाश केली. नळी हलवायची नाही, फक्त कलती करून पुन्हा सरळ करायची. पिपेटचे टोक कापून रुंद करायचे, कारण अरुंद तोंडातून ओढले तरी लांब रेणू तुटतात. शेवटी थंड अल्कोहोल कडेने हळूच सोडले तेव्हा दोन द्रवांच्या सीमेवर पांढरट, कापसाच्या पेळूसारखे तंतू दिसू लागले. काचेच्या आकड्यावर ते गुंडाळून उचलताना त्यांचा ताण बोटांना जाणवत होता. तो नमुना पहिल्याच तपासणीत उत्तीर्ण झाला.

पूर्वी डीएनएचे वाचन दीडशेच्या आसपास अक्षरांच्या तुकड्यांत होई. आता पंधरा-वीस हजार अक्षरांचे तुकडेही अचूकपणे वाचता येतात आणि त्यामुळे जुळणीचे, म्हणजे असेंब्लीचे, स्वरूपच बदलले आहे. कारण असे की, जीनोममध्ये तेच तेच क्रम पुनःपुन्हा येतात. तुकडा त्या पुनरावृत्तीपेक्षा आखूड असेल तर तो नेमका कुठला हे ठरवता येत नाही, आणि पुनरावृत्ती ओलांडून पलीकडचे काही दाखवत असेल तरच त्याची जागा लागते. नंतर गुणसूत्राचे कोणते भाग केंद्रकात एकमेकांजवळ असतात याची माहिती देणारी हाय-सी ही पद्धत वापरून तुकड्यांना गुणसूत्रांच्या लांबीपर्यंत जोडले जाते. हे सारे करण्यासाठी मला लिनक्स ही संगणकप्रणाली शिकावी लागली, सर्व्हरच्या रांगेत आपले काम लावून वाट पाहायला शिकावे लागले, आणि त्यात मला विशेष अडचण आली नाही. चिकाटी असेल तर हा भाग कोणालाही जमतो, असे माझे मत आहे.

कठीण भाग त्यापुढे येतो. आमच्या पहिल्या असेंब्लीत काही तुकडे असे होते की त्यांतील जनुकांचे जवळचे साम्य कोणत्याही माशाशी नव्हते. संगणकाने ती निवटीची जनुके म्हणून यादीत घेतली होती. एखाद्या प्राण्याने दुसऱ्या सजीवाची जनुके उचलून घेतली, असा निष्कर्ष काढण्याचा मोह अशा वेळी होतो. २०१५ मध्ये टार्डिग्रेड या सूक्ष्म प्राण्याच्या जीनोममध्ये सुमारे सहावा हिस्सा परक्या सजीवांचा असल्याचा दावा प्रसिद्ध झाला होता. पुढच्याच वर्षी दुसऱ्या गटाने दाखवले की त्यातील जवळजवळ सारा भाग नमुन्यात मिसळलेल्या जिवाणूंचा होता. आमच्याकडील जनुके डायटमशी जुळत होती. खाडीतील वहीची आठवण मला तेथे झाली. निवटी दिवसभर डायटम खाते, तिच्या अंगावर आणि कल्ल्यांत तोच चिखल असतो. स्नायूंच्या जुन्या नमुन्यातून ते आले होते आणि रक्तावरून केलेल्या नव्या असेंब्लीत त्यांचा मागमूस नव्हता. ज्याने निवटीला खाताना पाहिलेले नाही, त्याला हे कळायला किती काळ लागला असता हे मी सांगू शकत नाही.

याच्या उलट प्रकारही तितकाच फसवा असतो: यादीत जनुक नाही म्हणून प्राण्यात ते नाही असे समजणे. सँड रॅट या वाळवंटी कृंतकात स्वादुपिंडाच्या कामाला अत्यावश्यक असलेले पीडीएक्स-१ हे जनुक अनेक वर्षे सापडत नव्हते आणि ते त्याने गमावले असावे असे मानले गेले. २०१७ मध्ये ते सापडले. जीनोमच्या त्या भागात जी आणि सी या अक्षरांचे प्रमाण इतके प्रचंड वाढले होते की नेहमीच्या पद्धतींनी तो भाग वाचलाच जात नव्हता, आणि जनुकात इतके बदल झाले होते की ते ओळखू येणे कठीण होते. म्हणून निवटीने अमुक जनुक गमावले असे लिहिण्याआधी मी आरएनएची (जनुक चालू असताना त्याची जी प्रत बनते तिची) माहिती तपासते, नातेवाईक माशांत त्या जनुकाचे शेजारी कोणते आहेत ते पाहते, आणि ते शेजारी निवटीत एकमेकांलगत सलग वाचलेले असतील तरच मधले जनुक गेले असे मानते.

हाताने केलेल्या ॲनोटेशनचे, म्हणजे जीनोममध्ये जनुके नेमकी कुठे आहेत ते ठरवण्याचे, एक उदाहरण देते. पेशीपटलातून आरपार जाणाऱ्या प्रथिनांच्या एका कुटुंबातील सदस्य पटल बारा वेळा ओलांडतात. निवटीतील त्यांपैकी एकाचे संगणकाने काढलेले प्रारूप पटल चोवीस वेळा ओलांडताना दिसत होते. नवे, अजब प्रथिन म्हणून ते लक्ष वेधून घेणारे होते. मी आरएनएचे रीड, म्हणजे यंत्राने वाचलेले तुकडे, त्या जागेवर एकेक करून मांडले. पहिल्या अर्ध्याचे रीड एका ठिकाणी थांबत होते, दुसऱ्या अर्ध्याचे त्यानंतर काही अंतरावर स्वतंत्रपणे सुरू होत होते आणि दोघांना जोडणारा एकही रीड नव्हता. ती शेजारीशेजारी बसलेली दोन जनुके होती. संगणकाने त्यांना एक मानले होते. मग निवटीच्या नात्यातील इतर गोबी माशांत पाहिले तर तिथेही ती दोन होती, म्हणजे हे दुपटीकरण निवटीच्या जमिनीवर येण्याच्या कितीतरी आधीचे होते. प्रबंधात त्याला एका परिच्छेदाची जागा मिळाली. त्या परिच्छेदावर माझा एक अख्खा महिना गेला आणि तो वाया गेला असे मला कधीही वाटले नाही, कारण ते एक चुकीचे जनुक माहितीसंग्रहात गेले असते तर पुढचे कित्येक जण त्याच्या आधारे आपले उत्क्रांतिवृक्ष मांडत बसले असते.

पैशांविषयी लिहिणे टाळले जाते, म्हणून लिहिते. १ जानेवारी २०२३ पासून जेआरएफची रक्कम महिना ३७,००० रुपये आणि एसआरएफची (पुढच्या टप्प्यातील वरिष्ठ शिष्यवृत्तीची) ४२,००० रुपये झाली; त्याआधी ती ३१,००० आणि ३५,००० होती. घरभाडे भत्ता वेगळा मिळतो. मुंबईत आईवडिलांच्या घरी राहणाऱ्याला हे पुरते. बाहेरगावाहून येऊन खोली घेणाऱ्याला ओढाताण होते. त्याहून मोठा त्रास रक्कम वेळेवर न येण्याचा असतो. आमच्यातील काहींना सलग महिने वाट पाहावी लागली आणि एका गुणी सहकाऱ्याने केवळ त्या कारणाने संशोधन सोडून खासगी नोकरी धरली. या देशात जीनोमचे यंत्र विकत घेण्यासाठी पैसा मिळतो, पण ते यंत्र ज्याच्यामुळे कामी येते त्या माणसाचे मानधन वेळेवर पोचवण्याची व्यवस्था होत नाही, याची मला चीड येते.

तोंडी परीक्षा आणि पदवी यांबद्दल सांगण्यासारखे फार नाही. त्यानंतर मी काही काळ तासिका तत्त्वावर शिकवले. महाविद्यालयांतील कायम जागा वर्षानुवर्षे भरल्या जात नाहीत, त्यामुळे पीएच.डी. झालेले कितीतरी प्राणिशास्त्रज्ञ असेच तासांवर शिकवत राहतात; संशोधन करायला त्यांच्याकडे ना प्रयोगशाळा उरते ना वेळ. मला पुढे एका प्रकल्पात काम मिळाले, आणि त्या आधारावर मी निवटीकडे परत येऊ शकले.

या क्षेत्रात येणाऱ्यांनी काय शिकून यावे असे विचारले जाते, तेव्हा मी तीन-चार गोष्टी सांगते. सांख्यिकी पक्की करा आणि उत्क्रांतिवृक्ष कसा बांधतात हे हाताने समजून घ्या, कारण वृक्ष काढून देणाऱ्या आज्ञावल्या कोणत्याही माहितीवरून कोणतातरी वृक्ष काढून देतातच. एका प्राणिगटाचे वर्गीकरण एवढे नीट शिका की त्यातील जाती तुम्हांला हातात घेऊन ओळखता येतील. आणि ज्या प्राण्याचा डीएनए काढला, त्याचे शरीर जपून ठेवा. हा शेवटचा मुद्दा किरकोळ वाटतो, पण जगभरच्या माहितीसंग्रहांत असे असंख्य क्रम आहेत की ज्यांच्या मागे कोणता प्राणी होता हे आज तपासता येत नाही. आमच्या प्रत्येक निवटीचे छायाचित्र, दोन्ही पृष्ठपरांची मापे, दातांची ठेवण, पकडलेल्या जागेची नोंद आणि सुमारे ६५० अक्षरांचा ओळखीचा बारकोड क्रम आम्ही ठेवतो, आणि मूळ नमुना संग्रहालयात जमा करतो. पुढे कोणी या जातीचे दोन जातींत विभाजन केले, तर आमचा जीनोम त्यांपैकी कोणत्या जातीचा हे तेव्हाही ठरवता यावे, यासाठी हा खटाटोप आहे.

सध्या आम्ही खाडीतील दुसऱ्या एका निवटीचा जीनोम जुळवत आहोत. ती आकाराने लहान आहे, भरती आली की बिळात न शिरता तिवरांच्या मुळांवर चढून बसते आणि डायटमऐवजी लहान किडे-खेकडे पकडून खाते. एकाच चिखलात राहून दोघींनी जमिनीशी वेगवेगळ्या प्रमाणात जुळवून घेतले आहे, त्यामुळे अमोनिया बाहेर टाकणारी आणि दृष्टीची जनुके दोघींत सारखीच बदलली आहेत की वेगळ्या रीतीने, हे एकमेकींसमोर ठेवून पाहता येईल. कल्ल्यांतील आणि त्वचेतील आरएनएची तुलना सुरू झाली आहे, पण ती अपुरी आहे. पावसाळा हा विणीचा काळ असल्याने त्या महिन्यांत आम्ही प्राणी उचलत नाही, आणि पावसाच्या पाण्याने खाडीचा खारेपणाही तेव्हा उतरलेला असतो. उरलेले नमुने नवरात्रानंतर, पाणी पुन्हा खारट झाल्यावर घ्यायचे ठरले आहे.